कागदालाही काठ हवा

मैत्रिणींनो, आज एक साधाच प्रश्न विचारते. तुमच्या घरात महत्त्वाचे कागद कुठं ठेवलेले असतात? माझ्या घरचं सांगते. रेशनकार्ड पिठाच्या डब्यामागे पिशवीत गुंडाळून, विजेची बिलं तारेला टोचलेली, विम्याच्या पॉलिसी ह्यांच्या कपाटात आणि घराचा उतारा थोरल्या दिरांकडे. तुमच्याकडेही थोड्याफार फरकानं असंच असणार. आता दुसरा प्रश्न. ह्या सगळ्यांत खास तुमचा, तुमच्या मालकीचा कागद किती?

गप्प झालात ना? मीही अशीच गप्प झाले होते. हा प्रश्न मला १९७९ सालच्या दिवाळीनंतर आमच्या मावशींनी विचारला. त्याचं उत्तर द्यायला मला चाळीस वर्षं लागली. तीच हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

लग्न होऊन मी १९७७ साली कोल्हापुरात आले. शुक्रवार पेठेत सासरचा जुना वाडा. पंचगंगा जवळच. वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत एक बिऱ्हाड होतं. काका पोस्टात आणि मावशी सरकारी दवाखान्यात सिस्टर. बोलणं अस्सल मराठी, आडनावाच्या शेवटी 'कर', गळ्यात मंगळसूत्र. शुक्रवारी दिवेलागणीला तेलाचा दिवा लावायच्या आणि शनिवारची दवाखान्याची पाळी शक्यतो बदलून घ्यायच्या. हे लोक बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, हे मला महिनाभर कळलंच नाही. कळलं तेव्हा मी खुळ्यासारखी म्हणून गेले, "मावशी, म्हणजे तुम्ही आमच्यातल्या नाही होय?" त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, येऊन दोन हजार वर्षं झाली म्हणतात. अजून किती दिवस पाहुणे म्हणून राहायचं?"

त्यांच्यात अशी कथा सांगतात, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. त्यांचा हा सारा विस्तार. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. गावांवरून आडनावं पडली. दिवे गावचे दिवेकर, किहीमचे किहीमकर. आणि सणांची नावं तर अशी, की ऐकून तुम्हांला आपल्याच स्वयंपाकघरात बसल्यासारखं वाटेल. एक खिरीचा सण, एक बिरड्याचा सण! वालाचं बिरडं मावशी असं करत, की माझ्या सासूबाईसुद्धा वाटी पुढं करायच्या.

आता १९७९ च्या दिवाळीकडे येते. धाकट्या दिरांना दुकान काढायचं होतं. पैसे कमी पडत होते. सासूबाई एका संध्याकाळी माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या पाटल्या दे. दोन महिन्यांत सोडवून आणू." माझ्या वडिलांनी कर्ज काढून केलेली चार तोळ्यांची जोडी होती ती. मी काढून दिली. द्यायला माझी ना नव्हती, बरं का. घरचंच काम होतं. पाटल्या गुजरीत गहाण पडल्या. दोन महिने गेले, सहा गेले. दुकान बसलं. पाटल्यांचं नाव कुणी काढेना. मी एकदा काढलं, तर घरात दोन दिवस अबोला. ह्यांनी तर ऐकूनच न ऐकल्यासारखं केलं.

मागच्या नळावर मी डोळे पुसताना मावशींनी पाहिलं. त्यांनी काही विचारलं नाही. रविवारी दुपारी मला खोलीत बोलावलं, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि जुन्या पातळात गुंडाळलेला एक कागद माझ्यासमोर उलगडला.

मैत्रिणींनो, मी असा कागद त्याआधी कधी पाहिला नव्हता. मधे काळ्या शाईनं चौकोनी, ठसठशीत अक्षरांच्या ओळी, उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या. आणि त्याभोवती चितारलेली एक कमान. दोन बाजूंना दोन खांब, खांबांवर चढलेला द्राक्षाचा वेल, वेलात कोयऱ्या, वर पोपटांची जोडी आणि अगदी माथ्यावर समोरासमोर दोन मासे. लाल आणि निळा रंग अजून ताजा होता, सोनेरी मात्र काळवंडला होता. मला वाटलं, देवाची पोथी असेल. मी हात जोडले.

"देव नव्हे गं," मावशी म्हणाल्या, "हा माझा केतुबा. लग्नाचा करार. चित्रं माझ्या मामांनी काढली, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे ते. आणि हा कागद नवऱ्याचा नाही हं, हा बायकोचा. ह्यांनी सही करून, लग्नात सगळ्यांसमोर वाचून, माझ्या हातात दिला. तेव्हापासून माझ्याच ट्रंकेत."

मग त्यांनी मला त्यातलं समजावून सांगितलं. पुढं मी स्वतःही वाचून माहिती मिळवली. केतुब्याची भाषा अरामी, हिब्रूची जुनी बहीण. अक्षरं मात्र हिब्रूच. नवऱ्यानं बायकोला अन्न, वस्त्र आणि संसारसुख द्यायचं. उद्या त्यानं सोडलं किंवा तो वारला, तर तिला ठरलेली रक्कम मिळायलाच हवी. पहिलटकर नवरीसाठी दोनशे झूझ ही जुन्या नाण्यांतली मूळ रक्कम, वर नवरा आपखुशीनं जे वाढवेल ते. तिनं माहेरून आणलेल्या चीजवस्तूंचीही कितीतरी केतुब्यांत नोंद असते आणि त्याची जबाबदारी नवऱ्यावर. गंमत म्हणजे, त्यांच्या शास्त्राप्रमाणं हा कागद हरवला तर नवराबायकोनं तसंच एकत्र राहायचं नाही. आधी दुसरा लिहून घ्यायचा, मग संसार पुढं चालवायचा!

"मग मावशी," मी विचारलं, "करारच ना? त्याला पोपट आणि मासे कशाला?"

मावशी म्हणाल्या, "तुझ्या पातळाला काठ कशाला?"

मला वाटलं, शोभेसाठी. पण कोष्ट्याला विचारा. काठ नुसता शोभेचा नसतो. काठ घट्ट विणलेला असतो म्हणून पातळ कडेनं उसवत नाही. कागदाचंही तसंच आहे. साधी पावती आपण चार वर्षांत रद्दीत घालतो. पण कुणीतरी बसून ज्याच्यावर फुलं काढली, तो कागद टाकवत नाही. घरात आलेल्या सुनेला तो दाखवला जातो, तिच्या सुनेलाही दाखवला जातो. आणखी एक व्यवहारी कारणही सांगतात. करार लिहून झाल्यावर कडेला कोरी जागा राहिली, तर मागाहून कुणी त्यात अटी घुसडायचा. म्हणून चारी बाजू वेलबुट्टीनं भरून टाकायच्या! आपण चेकवर आकड्यापुढं 'फक्त' लिहून रेघ ओढतो ना, तसंच हे. पण काय सुंदर रेघ!

ही कला फार जुनी आहे. ऑस्ट्रियातल्या क्रेम्स गावचा १३९१-९२ च्या सुमाराचा एक केतुबा आहे. त्याचे तुकडेच उरलेत, पण त्यावर नवरा नवरीपुढं अंगठी धरून उभा असलेला दिसतो. पुढं इटलीत तर सतराव्या-अठराव्या शतकांत चर्मपत्रावर असे केतुबे निघाले, की आपल्या पैठणीच्या पदराची आठवण व्हावी. ह्या सगळ्यांत मधला मजकूर जवळजवळ तोच. देशागणिक बदलतो तो काठ. जिथं राहिले तिथली फुलं, तिथली पाखरं. मावशींच्या केतुब्यावरच्या कोयऱ्या काही जेरुसलेमहून आल्या नव्हत्या. त्या इथल्याच.

त्या रात्री मी एक वही घेतली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर शाईच्या पेनानं माझ्या चीजवस्तूंची यादी केली. कोल्हापुरी साज एक, आईनं घातलेला. ठुशी एक, आजीची. तांब्याचा हंडा, पितळी समई, दोन पैठण्या. आणि पाटल्यांची जोडी, चार तोळे, वडिलांनी केलेली, अमुक महिन्यात दुकानासाठी दिली. भोवती मला येत होती तीच नक्षी काढली. चैत्रांगणातली गोपद्मं, कमळं आणि चार कोपऱ्यांत चार कासवं. सकाळी धीर करून वही सासूबाईंपुढं ठेवली. "एवढी सही कराल का?" त्यांनी वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "म्हणजे आमच्यावर भरवसा न्हाई म्हण की." आणि उठून देवघरात गेल्या. ह्यांना दाखवायचा मला धीरच झाला नाही. वही ट्रंकेच्या तळाशी गेली.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांच्या स्वतःच्या अंगावरचं सोनं सासऱ्यांच्या आजारपणात गेलं होतं आणि त्याचाही कुठं कागद नव्हता. ज्या बाईला कुणी लिहून दिलं नाही, तिला लिहून मागणारी सून उर्मटच वाटणार.

मावशींकडे आणखी एक खजिना होता. त्यांच्या आजेसासऱ्यांचं एक जुनं पुस्तक. १८७४ साली पुण्यात छापलेलं, हिब्रू आणि मराठी दोन्ही असलेलं. त्याला हग्गादा म्हणतात. मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटका झाली, त्याच्या आठवणीच्या सणाला घरातल्या सगळ्यांनी पाटाभोवती बसून ते वाचायचं. त्या दिवसांत आंबवलेलं काही खायचं नाही, बिनखमिराची भाकरी करायची. त्या पुस्तकात ही भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र आहे आणि त्या बायका साड्या नेसून, खाली बसून भाकरी करताहेत! मावशी त्या चित्रावर बोट ठेवून म्हणायच्या, "ही माझी आजेसासू. ही तिची जाऊ." खरंखोटं देव जाणे. पण मला ती चित्रातली बाई ओळखीची वाटायची.

हग्गादाची चित्रं काढायची परंपरा युरोपात छापखान्याच्या आधीपासूनची. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एक सोनेरी हग्गादा आहे. स्पेनच्या बाजूला, १३२० च्या सुमारास केलेला. त्यातल्या चित्रांची पार्श्वभूमी सोन्याच्या वर्खाची. आणि त्या सोन्यावर काय चितारलंय म्हणता? राजेरजवाडे आहेत, संत आहेत, ते असणारच. पण एका पानावर सणाआधी घर झाडणाऱ्या बायकाही आहेत! दिवाळीआधीची जळमटं काढताना आपलं चित्र कुणी सोन्यावर काढलं असतं, तर कंबर एवढी दुखली असती का हो?

ह्या हस्तलिखितांच्या काही गोष्टी फार मनोरंजक आहेत. देवळात वाचायची जी मुख्य गुंडाळी, तोरा, तिच्यात एकही चित्र चालत नाही. नुसती अक्षरं, तीन लाखांच्या वर आणि त्यांतलं एक जरी चुकलं, तरी दुरुस्त केल्याशिवाय ती वाचायची नाही. मग हौस भागवायची कुठं? तर घरच्या पुस्तकांत, एस्तेर राणीच्या कथेच्या गुंडाळीत आणि केतुब्यात. हिब्रूत इंग्रजीसारखी मोठी अक्षरं नाहीत, म्हणून चितारी पहिलं अक्षर नव्हे, पहिला सबंध शब्दच सजवतात. काही ठिकाणी तर रेघ म्हणून जी दिसते, ती जवळून पाहिली की बारीक अक्षरांची ओळ निघते. अक्षरांचीच फुलं, अक्षरांचेच सिंह. मोहरीएवढ्या अक्षरांनी भरतकाम केल्यासारखं.

आणि लिहिणारे सगळे पुरुषच होते, असं समजू नका. येमेनमध्ये साना शहरात एका नामांकित लेखनिक घराण्यात मिरियम नावाची बाई होऊन गेली, पंधराव्या शतकाच्या आसपास. धर्मग्रंथ लिहून संपवल्यावर तिनं शेवटी एक विनंती लिहून ठेवली. लिहिण्यात चूक सापडली तर दोष देऊ नका, कारण मी तान्ह्या मुलाला पाजत होते, अशा अर्थाची. मी हे प्रथम वाचलं तेव्हा पोळ्या करायची थांबले. पाचशे वर्षांमागची बाई, एका मांडीवर मूल आणि दुसऱ्या हातात बोरू. माझी यादी मी करत होते तेव्हा माझाही थोरला मांडीवरच होता.

१९८६ साली काका निवृत्त झाले आणि मावशी मुलाकडे इस्राएलला निघाल्या. सामान बांधताना त्यांनी केतुबा पर्समध्ये घातला आणि हग्गादा माझ्या हातात दिला. मी घेईना. म्हणाल्या, "तिथं हिब्रू सगळ्यांना येतं. पण नातवंडांना ही मराठी बाजू कोण वाचून दाखवणार? ती इथंच राहू दे. जपशील ना?" मी हो म्हणाले. पुस्तक माझ्या ट्रंकेत, निळ्या वहीच्या शेजारी गेलं. पहिली काही वर्षं मी ते काढून पुसत होते. मग मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, लग्नकार्यं. वर्षानुवर्षं मी ट्रंक उघडलीसुद्धा नाही. दिलेला शब्द असा न मोडता मोडतो.

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापूरकरांना सांगायला नको. धोक्याची पातळी ४३ फूट आणि पंचगंगा ५५ फुटांच्या वर. आम्हांला रात्रीत घर सोडावं लागलं. मी औषधं घेतली, देव घेतले, ह्यांच्या फायली घेतल्या. ट्रंक आठवलीच नाही. सहाव्या दिवशी परत आलो, तर घरात गुडघाभर चिखल आणि ट्रंक पलंगाखाली आडवी. मी चिखलातच बसले. मुलगा म्हणाला, "आई, भांडी येतील पुन्हा." त्याला काय सांगणार?

झाकण उघडलं. हग्गादा फुगून वीट झाला होता. वहीचा पुठ्ठा हातात आला.

१९६६ साली इटलीत आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्स शहरात शिरला, तेव्हा तिथल्या ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातल्या कितीतरी गुंडाळ्या आणि ग्रंथ असेच चिखलात गेले होते. जगभरचे लोक पुस्तकं वाळवायला धावले. माझ्याकडे धावायला कोण? लेकीनं फोनवर कुणाकुणाला विचारलं आणि आम्ही कामाला लागलो. तुमच्यावर वेळ येऊ नये, पण आलीच तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका, इस्त्री तर मुळीच फिरवू नका. पानं ओढून सुटी करू नका, फाटतात. चार-पाच पानांमागे एक टिपकागद किंवा साधा कोरा कागद घाला आणि ओला झाला की बदला. वर्तमानपत्र घातलं तर त्याची शाई उतरते. सावलीत, पंख्याच्या वाऱ्याला ठेवा. पुस्तकं फार असतील आणि वीज असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात टाका. बुरशी थांबते आणि एकेक काढून वाळवता येतं. आणि वाचलेला जुना कागद लॅमिनेट करू नका. तो पुन्हा कधी मोकळा होत नाही.

सतरा दिवस आम्ही कागद बदलत होतो. हग्गादा वाकडातिकडा झाला, चिखलाचे डाग राहिले, पण वाचला. छापखान्याची शाई तेलाची, ती पाण्याला दाद देत नाही. साडीतल्या बायका अजून भाकऱ्या करत होत्या. बोस्नियातल्या सारायेवोच्या हग्गादावर म्हणे दारूचे डाग आहेत, सणाच्या ताटावर सांडलेले. १९४२ साली नाझी अधिकारी तो मागायला आला, तेव्हा संग्रहालयाच्या दर्विश कोर्कुत नावाच्या मुसलमान ग्रंथपालानं तो लपवून वाचवला. परक्याच्या धर्माचं पुस्तक जिवावर उदार होऊन जपणारी माणसं असतात. मला तर नुसती ट्रंक माळ्यावर चढवायची होती!

आणि माझी वही? शाईच्या पेनाची अक्षरं पार धुऊन गेली. पानभर निळं पाणी पसरलेलं. कासवं तेवढी पेन्सिलीची होती, ती चार कोपऱ्यांत शाबूत. मधे काहीच नाही. काठ राहिला, पातळ गेलं.

मी ते पान हातात धरून बसले होते. हे शेजारी येऊन बसले. "काय होतं त्यात?" त्यांनी विचारलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता उठतील. उठले, पण बॉलपेन आणि कोरा कागद घेऊन परत आले. "सांग," म्हणाले. साज सांगितला, ठुशी सांगितली, समई सांगितली. पाटल्या मी सांगितल्याच नाहीत. आता काय उकरायचं, असं वाटलं. तर ह्यांनीच मान खाली घालून लिहिलं. 'पाटल्यांची जोडी एक, चार तोळे, सासऱ्यांनी केलेली. १९७९ साली आमच्या घरच्या दुकानासाठी घेतली. परत दिली नाही.' आणि खाली सही केली. मग म्हणाले, "मला तेव्हाच म्हणायला हवं होतं."

पाटल्या काही परत आल्या नाहीत, मैत्रिणींनो. आजच्या भावात चार तोळे कोण आणतो? पण हरवलेला केतुबा पुन्हा लिहिल्याशिवाय संसार पुढं चालवायचा नाही, असं ते शास्त्र का सांगतं, हे मला त्या दिवशी उमगलं.

त्याच हिवाळ्यात मी मावशींच्या नातीला फोनवर सगळं सांगितलं. मावशी जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. पूर, ट्रंक, माझा निष्काळजीपणा, काही लपवलं नाही. ती रागावली नाही. तिला मराठी मोडकंतोडकं येतं. म्हणाली, "वाचून दाखवाल?" मी मराठी बाजू वाचत गेले आणि ती हिब्रू बाजू तिथून म्हणत गेली. मग मी ते चित्र फोनसमोर धरलं. तिनं विचारलं, "ह्या बायका कोण?" मी म्हटलं, "ही तुझ्या आजीची आजेसासू. ही तिची जाऊ." दुसरं काय सांगणार? पुढं पुण्याच्या एका नातेवाइकाबरोबर ते पुस्तक तिला पोचतं केलं. त्याआधी मराठी पानं मी माझ्या अक्षरात उतरून घेतली. मराठी बाजू इथं राहावी, हा मावशींचा शब्द तेवढा तरी पाळला.

बेने इस्राएल आता आपल्याकडे फार थोडे उरलेत. बहुतेक इस्राएलला गेले. पण ही कला संपलेली नाही. मुंबईत १९६० साली जन्मलेल्या आणि आता अमेरिकेत राहणाऱ्या सिओना बेंजामिन ह्या बेने इस्राएली चित्रकर्तीच्या चित्रांत आपली लघुचित्रं आणि ज्यूंची सजवलेली हस्तलिखितं एकत्र नांदतात. त्यांच्या चित्रांतल्या निळ्या रंगाच्या बायका पाहाल, तर कृष्णाची आठवण होईल.

शेवटी थोडं व्यवहाराचं. आपल्याकडेही लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करावी असा नियम आहे, १९८५ सालापासून. वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कुणी दिली, त्यांचं नातं काय, हे लिहायचं आणि खाली नवरानवरी दोघांच्या सह्या. त्याच वर्षी स्त्रीधन हे सर्वस्वी बायकोचंच, असं सुप्रीम कोर्टानंही सांगितलं. पण किती घरांत अशी यादी होते? आपण आहेराची वही करतो, ती कुणाचं किती फेडायचं ह्यासाठी!

२०२३ साली माझ्या धाकट्याचं लग्न झालं. सूनबाई घरात आली त्या आठवड्यात मी जाड कागद आणला. मधे तिच्या माहेरच्या चीजवस्तू तिनं स्वतः लिहिल्या, न पुसणाऱ्या शाईनं. मुलानं सही केली, मी केली, ह्यांनीही केली. काठ मी काढला. गोपद्मं, कमळं, चार कोपऱ्यांत चार कासवं आणि माथ्यावर समोरासमोर दोन मासे. ती लाजून म्हणाली, "आई, एवढं कशाला? माझा भरवसा आहे तुमच्यावर."

मी म्हटलं, "असू दे गं. भरवसा आहे म्हणूनच लिहून देतेय. आणि हे बघ, ट्रंक खाली ठेवू नकोस. माळ्यावर ठेव."